उचलता न येणारं नाणं

आमचे जावईबापू लाकडात जडावाचं काम करतात. लाकूड, शिंपला, हाड, पितळ, जे मिळेल ते कागदासारखं पातळ कापायचं, एकमेकांत बसवायचं आणि त्यातून चित्र उभं करायचं. गिऱ्हाइकं फुलं आणि पक्षी मागतात. घरच्या जेवणाच्या टेबलावर मात्र जावईबापूंनी स्वतःची हौस भागवून घेतली होती. तिथे त्यांनी पितळेची किल्ली, शिंपल्याचं शर्टाचं बटण, हाडाची औषधाची गोळी आणि पांढऱ्या पत्र्याचं एक नाणं जडवलं. कुणीतरी खिसा रिकामा करून गेल्यासारखं दिसायचं ते.

मी पहिल्यांदा या घरी आले तेव्हा ते नाणं उचलायला गेले. नखं घासली, बोट ओलं करून पाहिलं. लेक हसून हसून खाली बसली आणि जावई गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "आई, अजून थोडा जोर लावा." त्या दिवशी मी कानाला खडा लावला. या टेबलावर सोन्याची वीट दिसली तरी हात लावायचा नाही.

त्यांची खरी करामत सावलीची. फिक्या लाकडाच्या तुकड्याची कड तापलेल्या वाळूत खुपसतात. ती हळूहळू करपते आणि तोच करपलेला रंग वस्तूची सावली होतो. टेबलाच्या डाव्या अंगाला खिडकी, म्हणून सगळ्या सावल्या उजवीकडे. संध्याकाळी दिवा लावला की लबाडी उघडी पडायची. सकाळच्या उजेडात ती कुणाच्या बापाला कळायची नाही.

भिंगरीला, म्हणजे माझ्या नातीला, वर्ष उलटून गेल्यावर लेक पुन्हा कामावर जाऊ लागली आणि मी इथेच राहायला आले. पोरगी एका जागी ठरत नाही, म्हणून भिंगरी.

त्या सकाळी किल्ली आणि नाण्याच्या मधे मला एक नवीन वस्तू दिसली. गोल, चकचकीत, बटणाएवढी, उजवीकडे नाजूक सावली. जावईबापूंनी नवा सापळा लावलेला दिसतोय, मी मनात म्हटलं. कौतुक केलं की चढून बसतात, म्हणून काही बोलले नाही. भिंगरीला टेबलापाशी तिच्या उंच खुर्चीत बसवलं, हातात पावाचा तुकडा दिला आणि दूध कोमट करायला आत गेले.

परत आले तर ती दूध घेईना. पेला तोंडाला लावला की मान फिरवायची. लाळ गळून झबलं भिजलं होतं. "दाढा येत असतील गं," लेक केस विंचरता विंचरता म्हणाली. मलाही तसंच वाटलं. मी ओलं फडकं घेतलं आणि टेबल पुसायला लागले.

फडकं किल्लीवरून गेलं. नाण्यावरून गेलं. मधे नुसतं लाकूड होतं.

मी परत पुसलं. हाताने चाचपलं. जडवलेली वस्तू जागची हलत नाही. टेबलाखाली पाहिलं, खुर्चीची गादी उलटली, भिंगरीच्या मुठी उघडल्या. मग मी अशी काही ओरडले, की मागच्या कारखान्यातून जावई धावत आले.

"इथे गोल काय बसवलं होतं तुम्ही?"

"कुठे? मी नवीन काहीच बसवलं नाही, आई."

त्यांच्या हातात माप घ्यायचा कॅलिपर होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "सेल. काल ह्याचा सेल बदलला. जुना इथेच ठेवला मी."

"तो मीही बघितला रे," लेक म्हणाली. कंगवा अजून तिच्या केसांत अडकलेला होता. "तुझाच काहीतरी उद्योग असेल म्हणून सोडून दिला."

गाडीत भिंगरी रडत नव्हती, त्याचीच मला जास्त भीती वाटली. तिची लाळ माझ्या खांद्यावरून खाली ओघळत होती. एरवी सगळ्या जगाशी बोलणारी मी, मला देवाचं नावसुद्धा आठवेना.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. त्या इवल्याशा छातीच्या वर, फासळ्यांच्या मधोमध, एक स्वच्छ गोल. कडा इतक्या रेखीव, की तिथे कुणीतरी जडवून ठेवल्यासारखा. जावयांनी भिंतीला हात टेकला.

"नाणं असतं तर थोडी वाट पाहिली असती," बाई म्हणाल्या. "ह्याची कड दुहेरी दिसतेय, म्हणजे सेलच. तो आतून भाजत जातो. कधी गिळला?"

मीच म्हणाले, "नाश्त्याच्या वेळी तो टेबलावर होता. मी पाहिला होता." बाईंनी घड्याळ पाहिलं. त्या भिंगरीला घेऊन आत गेल्या.

बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं बसलो. जावई बाकाच्या फळीवरून नख फिरवत होते, पुन्हा पुन्हा, सांधा शोधावा तसे. मला त्यांचा राग आला होता, माझाही आला होता, पण भीतीपुढे राग टिकत नव्हता. दार उघडलं की मी उठून उभी राहायचे.

"निघाला," बाई म्हणाल्या. "अन्ननलिका आतून भाजलीय, पण भोक नाही. तरी सांभाळावं लागेल. इतक्यात घरी सोडणार नाही."

लेक माझ्या गळ्यात पडून रडली. मला रडू आलंच नाही. भिंगरीने पुन्हा दुधाचा घोट गिळेपर्यंत माझा जीव टांगणीलाच होता. तो घोट खाली जाताना तिने तोंड वाकडं केलं आणि मी डोळे मिटून घेतले.

तिला घरी आणलं त्या सकाळी जावई पटाशी घेऊन टेबलाशी बसले. कुणी सांगितलं नव्हतं. किल्ली उकरली, बटण उकरलं, हाडाची गोळी फुटून निघाली. महिनोन्‌महिने खपून केलेलं काम होतं. मी थांबवलं नाही. शेवटी नाणं निघालं. ते त्यांनी माझ्या हातावर ठेवलं.

"घ्या, आई."

नखाहून जाड नव्हतं ते. मागच्या बाजूला सरसाचा पिवळा थर, आणि कडेला करपवलेल्या सावलीची एक ढलपी चिकटून आलेली. माझ्या कडेवर भिंगरी होती. खिडकीतून ऊन येत होतं. नाणं चकाकलं आणि तिने झटकन हात पुढे केला.

मी मूठ आवळली. तिने माझी बोटं एकेक करून सोडवायला सुरुवात केली, मग चिडली, मग भोकाड पसरलं. तो आवाज ऐकून मला पहिल्यांदा रडू आलं. मूठ मात्र मी उघडली नाही.