पाचव्या फेऱ्याची देवी

तामलवाडीच्या माळावर त्या शुक्रवारी उभं राहायला जागा नव्हती. तुळजापूरला निघालेल्या दोन जीपाही वाट वाकडी करून आल्या होत्या. बलभीमची चौदा वर्षांची सृष्टी व्यंकट महाराजाच्या ठाण्याभोवती संबळाच्या तालावर पळायची आणि बरोबर पाचव्या फेऱ्याला कोसळायची. अंगात देवी आली, असं महाराज सांगायचा. तीन शुक्रवार हेच चाललेलं. लोक पडलेल्या पोरीला प्रश्न विचारायचे, उत्तरं महाराज द्यायचा. आज त्यानं अकरा फेऱ्या जाहीर केल्या होत्या.

ठाण्यावर देवीच्या तसबिरीशेजारी दुसरी एक चौकट टांगलेली. तिच्यात सृष्टीचा ईसीजी, कुंकू लावून, हार घालून.

"डाक्टरच्या मशिनीनंच लिहून दिलंय," महाराज गरजला. "पोरीला रोग न्हाय. मग पाडतंय कोण?"

गर्दीनं हात जोडले.

"मशीन खोटं बोललं नाही," उपकेंद्राची सिस्टर श्रावस्ती वाट काढत पुढं आली. "बलभीमदादा, हा ईसीजी कसा काढला होता?"

"पलंगावर निजवून."

"निजलेली असताना देवी आली कधी? शाळेत बाकावर? गेल्या शुक्रवारी हिची नाडी मी बघितली. हाताला लागंना झाली होती. आज हिला पळवू नका."

"बाई, तुमचा देव येगळा. गप बसा," महाराज म्हणाला. दोघंचौघं हसली.

"बसते की. सृष्टीलाही बसवा, या खुर्चीत. तोच संबळ, तोच ऊद, मंत्र तुमचेच. बसल्या जागी पडली तर मी तुमच्या पाया पडते."

सगळ्या नजरा महाराजावर. "आईला खुर्ची अडवती व्हय?" तो बोलून गेला.

सृष्टीला खुर्चीत बसवलं. संबळ सुरू झाला. पाच मिनिटं. दहा. बलभीमची नजर लेकीवरून हलेना. उदाच्या धुरानं सृष्टी खोकली, तेवढंच. मग म्हणाली, "अण्णा, पाणी द्या."

महाराजाचा तोल गेला. "उठवा तिला. पळवा. पळाल्याबिगर येत न्हाय ती."

"का रं?" म्हातारी द्वारकाबाई म्हणाली. "आई काय दम लागल्यावरच येती?"

कुणी हसलं नाही. सृष्टीनं बापाचा हात धरला. "अण्णा, पळताना छाती आवळती. म्या महाराजांना सांगितलं हुतं. ते म्हणले, आई छातीवर पाय ठिवती, कुणाला बोलू नगं."

संबळवाल्यानं काठ्या खाली ठेवल्या. "तिचे ओठ पांढरे पडले की जोरात वाजव, असं मलाबी सांगितलंय."

बलभीमनं लेकीला उचललं आणि सरळ जीपमध्ये बसवलं.

सोलापूरला सीटी स्कॅन झालं. हृदयाच्या डाव्या बाजूला रक्त पुरवणारी धमनी जन्मापासूनच उजवीकडून निघालेली, आणि दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या बेचक्यातून गेलेली. पळालं की हृदयाला जास्त रक्त लागतं, आणि नेमकी तेव्हाच ती धमनी चेपते. रक्तपुरवठा तुटतो, माणूस कोसळतो. निजलेल्या माणसाच्या ईसीजीत यातलं बहुतेकदा काहीच दिसत नाही. अशी रचना क्वचित कुणाची असते, आणि ती कळायच्या आधीच काही पोरं मैदानावर मरतात.

ऑपरेशन झालं. सृष्टी वाचली.

महाराजाला धमनी ठाऊक नव्हती. पोरीची छाती आवळते, हे मात्र ठाऊक होतं. ती त्या अकरा फेऱ्यांत मेली असती तर 'आईनं पदरात घेतली' म्हणून त्यानं तिथंच आणखी एक तसबीर टांगली असती, आणि आपण तिलाही हार घातला असता. देवीला मानायचं तर माना. पण पडलेल्या पोरीला प्रश्न विचारण्याआधी, ती काय करताना पडली, एवढं तरी विचारा.