तळव्याची टाच

थप. मग श्वासभर थांबणं. मग पुन्हा थप. दुपारी जेवणाच्या सुट्टीत कारखान्यांची यंत्रं गप्प झाली, पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा फरशीवर उतरू लागला, की आमच्या खोलीत हा आवाज सुरू व्हायचा. कपडे धोपटण्याचा नव्हे, भाकरीचाही नव्हे. जाड कापडावर, आत काहीतरी वजनदार भरलेल्या कापडावर, उघड्या हाताचा पडणारा आखूड, कोरडा आवाज. पाच वेळा. माणूस गेलं की लोकांना त्याचा चेहरा आठवतो म्हणतात. मला शेवंताचा हा आवाज आठवतो, आणि आठवला की हातातला घास हातात राहतो.

शेवंता माझी बायको. माझं शिक्षण सहावी. अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर हात काळे करण्यात जन्म गेला, आणि कारखाना बंद पडल्यावर मी घरी बसलो. ह्या लिहिण्यात जड शब्द आले तर ते माझे समजू नका, तिच्या वहीतले आहेत. गोड लिहिणं मला जमत नाही, आणि हे गोड नाहीच.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये बराकीच्या टोकाला आमची एक खोली, मागं मोरी, मधे पडदा. आजूबाजूला जीन्स शिवणारे, रंगवणारे गाळे. आमच्याकडं ऋतू आभाळावरून कळत नसत, नाल्याच्या रंगावरून कळत. लग्नसराईच्या आधी तो गर्द निळा वाहायचा, पावसात पातळ व्हायचा, उन्हाळ्यात काठाला निळी साय धरायचा. सकाळी नऊला बाया गाळ्यांमध्ये धागे कापायला जात आणि जाताना आपली लेकरं शेवंताच्या पदरात टाकून जात. आठ, कधी दहा. ती भिंतीला टेकून बसे, मांडीवर एक, पायावर एक, आणि उजवा हात तिसऱ्याच्या पाठीवर. झोपवतानाची तिची थाप वेगळी होती. पिंपळपान हलावं इतकी हलकी, मोजदाद नसलेली, लेकराचा श्वास लांबत जाईल तशी आपोआप विरत जाणारी. तीस वर्षं मी ती ऐकत आलो, आणि पुष्कळदा त्याच थापेवर दुपारचा झोपीही गेलो. एकाच हाताला पुढं दुसरी थाप शिकावी लागेल, हे तेव्हा त्या हातालाही माहीत नव्हतं.

मोठ्या पुराच्या पुढच्या वर्षी बदलापूरला एका संस्थेनं पाळणाघर चालवणाऱ्या बायांसाठी प्रशिक्षण काढलं. दर शनिवारी, तीन महिने. चौथी शिकलेल्या शेवंतानं दोनशे पानांची वही आणली, तिला खाकी कव्हर घातलं आणि वर नाव लिहिलं. ते नाव लिहितानाची तिची मान अजून डोळ्यांपुढं आहे. खाली झुकलेली, जिभेचं टोक ओठात धरलेलं, जणू सुईत दोरा ओवते आहे.

मी म्हणालो, "पन्नाशी उलटली तुझी. शेकड्यानं पोरं वाढवलीस. ती कालची पोरगी मॅडम होऊन तुला शिकवणार?"

"कालचीच आहे, म्हणून तर नवीन सांगते."

"मग आजवर काय चुकीचं सांभाळलंस काय?"

"चुकलं नाही ते नशीब होतं, अहो. मॅडम म्हणतात, नशिबावर पाळणाघर चालवायचं नसतं."

शनिवारी संध्याकाळी परत आली की तिच्या तोंडात नवे शब्द असत. निरीक्षण. श्वासनलिका. प्रात्यक्षिक. हा शेवटचा शब्द ती नव्या साडीच्या निऱ्या सावरत पायरी चढावी तसा, जपून, एकेक अक्षर उचलत म्हणायची. शिकलेलं ती दुसऱ्या दिवशीच घरात करून बघायची. खोली लेकराच्या डोळ्यांनी बघायची, असं तिला सांगितलं होतं. तर ही पहाटे उठून चक्क गुडघ्यांवर रांगायची. केरसुणीनं आधी झाडून घ्यायची आणि मग सगळ्या फरशीवरून उघडा तळवा फिरवायची, कपाटाखाली, पाळण्याखाली, उंबऱ्याच्या फटीत. आमच्या गल्लीत जीन्सची पितळी बटणं नदीकाठी खडे असावेत तशी पडलेली असत; बायांच्या पदराला, चपलांना, लेकरांच्या झबल्याला चिकटून घरात येत. केरसुणीला ती लागत नसत. तळव्याला लागत.

मी दारातून शेजाऱ्याला ओरडून सांगायचो, "बघा हो, आमची म्हातारी रांगायला लागली! आता दात येतील!"

ती रांगत रांगतच म्हणायची, "तुमचे पडायला लागलेत, त्याचं बघा."

सापडलेली बटणं ती एका डब्यात टाकायची. डबा भरला तेव्हा तिनं जीन्सच्या चिंध्यांची एक बाहुली शिवली. नाक नाही, डोळे नाहीत, फक्त डोकं, धड आणि चार लोंबते हातपाय. आणि पोटात चिंध्यांबरोबर ती सारी बटणं. प्रशिक्षणात रबराची बाहुली होती म्हणे, पण ती घरी कोण देणार. "वजन लेकरासारखं लागलं पाहिजे," ती म्हणाली, "नाहीतर हात खोटं शिकतो." मग ती निळी बाहुली हातावर पालथी घेऊन, डोकं खाली, कोपर मांडीवर टेकवून, दोन्ही खांद्यांच्या मधोमध तिनं थापा दिल्या. बोटांनी नाही, सपाट तळव्यानंही नाही. मनगटापाशी तळव्याचा जो टणक भाग असतो त्यानं. तळव्याची टाच, असं तिनं वहीत लिहिलं आहे. पाच. मग उताणी करून छातीवर दोन बोटांनी पाच दाब. मग पुन्हा पालथी.

"अहो, एकदा धरून बघा. शनिवारी तुम्हीच असता लेकरांपाशी. पाच मिनिटं लागतील."

मी म्हणालो, "मी आता बाहुल्या खेळू? लोक बायल्या म्हणतील."

तिनं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा बाहुली फळीवर ठेवली, भिंतीला टेकवून, बसवून.

नववा की दहावा शनिवार असेल. ती बदलापूरला गेलेली. मी सकाळी केरसुणी फिरवली आणि दारात पेपर घेऊन बसलो. गुडघे दुखतात म्हणून रांगलो नाही असं म्हणू शकलो असतो, पण गुडघे दुखत नव्हते. सरिताची परी दहा महिन्यांची होती. सरिता पलीकडच्या गाळ्यात धागे कापायची, जाताना रोज दारातून वळून म्हणायची, "काका, माझी परी जरा शैतान आहे, बघा हं." परी शैतान होतीच. रांगताना मधेच थांबून मागं बघायची, कोणी पकडायला येतंय का म्हणून. त्या दिवशी माझं लक्ष गेलं ते आवाजानं नाही, आवाज थांबल्यानं. लेकराच्या घशात काही अडकलं की ते रडत नाही, खोकत नाही. तोंड उघडं, डोळे मोठे, आणि त्या उघड्या तोंडातून काहीच बाहेर येत नाही. अशी शांतता मी कारखान्यातही ऐकली नव्हती, वीज गेल्यावरसुद्धा.

मी तिला उचललं आणि तोंडात बोट घातलं. आपल्याकडं सगळे घालतात. माझ्या आईनं माझ्या तोंडात घातलं असेल. बोटाच्या टोकाला पितळ लागलं, गार, गोल, कडेला काचणारं. एक क्षण मला वाटलं, आलं. आणि मग ते बोटाखालून पुढं सरकलं. आत.

लेथवर काम केलेल्या बोटाला केसभर फरक कळतो. मला कळलं.

रिक्षा, दवाखाना, माणसं, पायांचे आवाज. ते सगळं धुक्यासारखं आहे. स्पष्ट आहे ती फक्त फळीवरची निळी बाहुली. मी परीला घेऊन बाहेर धावलो तेव्हाही ती तिथंच बसली होती, भिंतीला टेकून.

शेवंता संध्याकाळी आली तेव्हा दारात गर्दी होती. तिनं गर्दीतून वाट काढली, माझ्यापुढं उभी राहिली आणि माझ्या उजव्या हाताकडं बघितलं. "बोट घातलंत?" तिनं विचारलं. "घातलं," मी म्हणालो. आमच्यात ह्या गोष्टीवर झालेलं बोलणं एवढंच. पुढं जितकी वर्षं ती जगली तितकी वर्षं एवढंच. पोलिसांनी येऊन लिहून घेतलं, शेजाऱ्यांनी चार शब्द सुनावले, आणि सरिता जमिनीवर बसून आपलीच ओढणी चाचपत राहिली, बटण माझ्याच कपड्यातून आलं असेल का, म्हणत. शेवंता तिच्याजवळ बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती, "लेकरू माझ्याकडं होतं गं. माझ्याकडं होतं." माझं नाव तिनं घेतलं नाही. न घेतलेलं ते नाव मी आजही अंगावर वागवतो, ओल्या घोंगडीसारखं.

तीन आठवडे पाळणा उलटा टांगलेला होता. मग एका शनिवारी तिनं वही पिशवीत घातली आणि बदलापूरला गेली. उरलेलं प्रशिक्षण पुरं केलं. मिळालेला कागद तिनं भिंतीवर लावला नाही, ट्रंकेत साड्यांखाली ठेवला. बायांना लेकरं ठेवायला दुसरी जागा नव्हती. एकेक करून त्या परत आल्या. पण आता तिची अट होती. लेकरू सोडायच्या आधी आईनं जेवणाच्या सुट्टीत यायचं, बाहुली हातावर घ्यायची आणि शिकायचं. आया शिकल्या, आज्या शिकल्या, केळी विकणारा भय्या शिकला, "दीदी, हमको भी दिखाओ" म्हणत गाळ्यातले कारागीर शिकले. उन्हाच्या पट्ट्यात निळी बाहुली ह्या हातातून त्या हातात जायची, पोटातली बटणं आतल्या आत वाजायची, आणि पडद्याआड बसून मी मोजायचो. एक. दोन. तीन. चार. पाच. साऱ्या वस्तीला तिनं शिकवलं. मला शिकवलं नाही. मी मागितलं नाही, आणि तिनं तिसऱ्यांदा विचारलं नाही. जन्मभर कोणाच्याही तोंडावर फाडकन बोलणारा मी, एवढं एक वाक्य माझ्याच्यानं निघालं नाही, की अगं, मलाही दाखव.

वर्षभरानं एका दुपारी सरिता आली. पोटुशी होती. दारातच उभी राहून म्हणाली, "मावशी, मला पण शिकव."

पडद्याआड मी कान दिला. कारण शेवंता शिकवताना पहिली गोष्ट काय सांगते, ते मला पाठ होतं. वाटलं, आज ती हे गाळेल. एक वाक्य, कोणाला कळणार. खोलीत क्षणभर नुसतं ऊन होतं. मग तिचा आवाज आला, नेहमीसारखाच, ना वर ना खाली. "आधी तोंडात बघायचं. दिसलं तरच काढायचं. दिसत नसेल तर बोट घालायचं नाही. घातलं तर आत जातं."

पडद्याचं कापड विरलेलं होतं. त्यातून मला सरिताची मान वळलेली दिसली, माझ्या बाजूला. किती वेळ, सांगता येणार नाही. मग तिनं बाहुली हातावर घेतली आणि पाच थापा दिल्या. इतक्या नेमक्या थापा त्या खोलीत कोणीच दिल्या नव्हत्या. नंतर तिनं ती बाहुली फरशीवर ठेवली, निजलेल्या लेकराला ठेवतात तशी, आधी धड आणि मग हळूच मानेखालचा हात काढून. आणि गेली. तिनं मला विचारलं नाही. म्हणून आता मीच सांगतो. सरिता, मी बोट घातलं होतं. तुझ्या मावशीनं मला शिकवायला बोलावलं तेव्हा मी हसलो होतो.

शेवंताचं दुखणं छातीचं. खोकला घर करून बसला, आणि दीड वर्षात ती इतकी वाळली की उचलून बसवताना हाताला लेकराचं वजन आठवायचं. अंथरुणात तिच्या भोवतीचा उजेडही पातळ झाला होता. एका सकाळी कफ अडकला. तोंड उघडं, डोळे मोठे, आणि आवाज नाही. ती शांतता मी ओळखली. माझे हात तिथल्या तिथं गोठले. तेव्हा तिनंच माझं मनगट धरलं, कशीबशी कुशीवर वळली, आणि माझा हात ओढून आपल्या पाठीवर नेला, दोन्ही खांद्यांच्या मधे. मी थापटलं. बोटांनी, भीत भीत. तिनं मान हलवली, नाही. हात मागं घेऊन माझ्या मनगटापाशी अंगठा दाबला. तळव्याची टाच.

थप. तिचे मणके माझ्या हाताला लागले. थप. थप. थप. पाचव्या थापेला कफ सुटला आणि खोलीत तिचा श्वास परत आला, फाटका, खरखरीत. पुष्कळ वेळानं ती म्हणाली, "असं." एवढंच. ती माफी होती की नुसतं प्रात्यक्षिक, हे विचारायला मला बारा दिवस मिळाले. ते बारा दिवस मी रोज थापा दिल्या, आणि विचारलं नाही. तेराव्या सकाळी हात बरोबर पडत होता, आणि श्वास आला नाही.

आता खोलीत लेकरं येत नाहीत. वांगणीला दिलेली लेक चल म्हणते. तिचं धाकटं आत्ता रांगतंय. मी जात नाही. पहाटे उठतो, केरसुणी फिरवतो, मग गुडघ्यांवर बसतो आणि साऱ्या फरशीवरून उघडा तळवा फिरवतो. कपाटाखाली, उंबऱ्याच्या फटीत, पाळण्याच्या कड्याखाली, जिथं आता पाळणा नाही. काही लागत नाही. फळीवर बाहुली बसलेली असते, आणि खिडकीतून उन्हाचा पट्टा यायला अजून पुष्कळ वेळ असतो. गेलेला काळ परत येत नाही, एवढं सहावी शिकलेल्यालाही कळतं. पण तो जिथं निसटला त्या जागेवरून हात फिरवत राहायचं काम मात्र मागं उरतं, आणि ते करताना कधी कधी मला माझ्या तळव्याखाली, गार फरशीवर, माझ्याआधी फिरून गेलेला तिचा तळवा लागतो.