न मोजलेला प्रसाद

“नैवेद्य दाखवला का आधी घरादाराला द्यायचा, उरला तर आपण घ्यायचा. टाकायचा मातर न्हाई, माया. देवाचं हाय ते.”

आईला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तिचा हा आवाज मायाला कुठेही ऐकू येई. आज तो आला दवाखान्यातल्या वजनकाट्यावर. चपला बाजूला काढून, पदर पोटाशी आवळून ती उभी होती. काट्यावरचा लाल आकडा जरासा थरथरला आणि मागच्या खेपेला होता तिथेच येऊन थांबला. मायाने श्वास सोडून पाहिला. आकडा हलला नाही.

“वजन अडकलंय, मावशी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते अधिकच लागलं. “सुरुवातीला किती छान उतरलं होतं. खाण्यातलं काही धरायचं राहतंय का?”

मायाने तोंड उघडण्याआधीच तिची भाची पुढे झाली. सुकन्या बीडला औषधशास्त्र शिकत होती. बोलायला कुणाला भ्यायची नाही.

“काही राहत न्हाई, मॅडम. रोज संध्याकाळी मी फोन करते आन् एकेक घास विचारून घेते. माझी आत्या जन्मात खोटं बोलली न्हाई. उपवासाच्या दिवशी पाणीसुद्धा विचारून पिते ती. हा दंडावरचा पट्टाच खराब निघालाय.”

माया खाली वाकून चपला शोधू लागली. चपला समोरच होत्या.

“पट्टा खराब असेल तर बदलून घ्या,” डॉक्टरीणबाई सुकन्याला म्हणाल्या. “पण पुढच्या महिन्यापर्यंत उतरलं पाहिजे. नाहीतर तुमच्या वडिलांचं नाव यादीत घालून दुसऱ्या कुणाची तरी वाट पाहायची, एवढंच आपल्या हातात उरतं.”

सुकन्याचे वडील म्हणजे विलास, मायाचा धाकटा भाऊ. नांदूरघाटला त्याचं थोडं रान, दोन म्हशी. दोन्ही किडन्या बसल्या आणि आठवड्यातून दोनदा बीडला येऊन रक्त धुवून घेणं त्याच्या मागे लागलं. बहिणीने किडनी देऊ केली. रक्त जुळलं, तपासण्या झाल्या, कागद झाले. सगळं जुळलं, वजन तेवढं आड आलं; ते उतरल्याशिवाय डॉक्टर तिची किडनी काढायला तयार नव्हते. माया बीडजवळच्या पालीत बायकांचे ब्लाऊज शिवायची. नवरा गेल्यापासून दिवसभर मशीनवर बसणं, आणि बसल्या जागी अंग वाढत गेलेलं.

म्हणून सुकन्याने तो पट्टा आणला होता. दंडावर बांधायचा, काळा, मऊ रबराचा, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा दिवा. अंगाने दिवसभरात किती जाळलं ते पट्टा सांगणार. पोटात किती गेलं ते आत्या सांगणार आणि सुकन्या फोनमध्ये भरणार. जाळलेलं जास्त आणि खाल्लेलं कमी राहिलं की काटा खाली यायलाच हवा, असा त्याचा साधा हिशोब होता. मायाने ते व्रतच मानलं. आंघोळीला तेवढा पट्टा काढायची, देवासमोरच्या पाटाशी ठेवायची आणि ओल्या केसांनीच परत बांधायची. लोकांना दिसू नये म्हणून तिने आपल्या सगळ्या ब्लाऊजच्या बाह्या उसवून सैल केल्या होत्या.

तरी शेजारच्या छबुबाईच्या नजरेतून ते सुटलं नव्हतंच.

“कुठल्या बाबाचा तायत गं ह्यो?” तिने एकदा माप देता देता विचारलं होतं.

“वजनाचा हाय.”

“वजनाचा तायत? मंग मला बी आण की एक.” छबुबाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “पण तुला गुण येईना झालाय बघ. बाबाला नारळ कमी पडला असंल.”

माया हसली होती. छबुबाईच्या पाठीवरून फिरवलेल्या टेपवरचा आकडा मात्र तिला पुन्हा पाहावा लागला होता.

दवाखान्यातून परतताना सुकन्या बीडच्या स्टँडवर उतरली. “उद्या जातेच त्या दुकानात,” ती म्हणाली. “चांगली खरडपट्टी काढते त्याची. माझ्या आत्याला खोटं पाडतो म्हंजे काय.”

“भांडू नको गं,” माया म्हणाली. गाडी पालीच्या वाटेला लागली आणि पोरीचा हलणारा हात मागे राहिला.

त्या दिवशी विलासची रक्त धुवून घ्यायची पाळी होती. बीडहून गावाकडे जाताना तो पालीला उतरायचा, रात्र बहिणीकडे काढायचा. दिवेलागणीला तो आला तेव्हा चेहरा उतरलेला होता, हाताला पट्टीचा गोळा. ओट्यावर बसून त्याने पिशवीतली छोटी बाटली काढली. दिवसभराचं पाणी तेवढंच. तळाशी दोन घोट राहिले होते. त्याने बाटली उजेडात धरून पाहिली आणि न पिताच झाकण लावलं.

“पी की,” माया म्हणाली.

“जेवल्यावर लागंल. आत्ता न्हाई.” तो हसला. “पाण्याचं लई सपान पडतं गं अक्का. आपल्या हिरीत मी पोहतोय आन् तोंड मिटूनच घेत न्हाई.”

माया आत गेली. नैवेद्याची वेळ झाली होती. विलासचं दुखणं कळलं तेव्हा नारायणगडावर जाऊन ती नवस बोलली होती, भाऊ बरा होईपर्यंत रोज दिवेलागणीला देवाला गोडाचा नैवेद्य दाखवीन. त्यात एक दिवसाचा खंड पडला नव्हता. तिने रवा भाजला, तूप सोडलं, साखर घातली. वेलदोड्याचा वास घरभर झाला. सकाळपासून पोटात अर्धी भाकरी आणि वाटीभर वरण एवढंच होतं. त्या वासाने तिच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि देवासमोर सुटलं म्हणून तिने मनातल्या मनात कानाला हात लावला. शिऱ्याचा वाडगा पाटावर ठेवला, तुळशीपत्र घातलं, पाणी फिरवलं, डोळे मिटले.

विलासही येऊन हात जोडून बसला. मायाने त्याच्या तळव्यावर प्रसाद ठेवला. त्याने त्यातला चिमूटभर तोंडात टाकला, उरलेला परत वाडग्यात ठेवला.

“मला एवढाच चालतो. लई गोड झालाय.” मग सहज विचारावं तसं विचारलं, “अक्का, आईची वाटी कुठंय गं?”

“कोणती?”

“नैवेद्याची. पितळेची. लिंबाएवढा शिरा मावायचा तिच्यात. त्यातून बी आई दोघांना द्यायची, आन् तू तुझ्यातला मला द्यायचीस.”

“बूड डुगडुगतंय तिचं. एकदा पाटावर कलंडली, नैवेद्य सांडला. म्हणून ठेवून दिली.”

विलासने मान हलवली. त्याची नजर वाडग्यावर गेली, काठोकाठ भरलेल्या. तिथून ती मायाच्या दंडावर आली. बाही वर सरकली होती आणि पट्ट्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. त्याने चटकन तोंड फिरवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत बसला, चुकून उघड्या दारातून कुणाला केस पुसताना पाहिल्यासारखा.

ते तोंड फिरवणं मायाच्या काळजात रुतलं.

प्रसाद तिने सुकन्याला कधी सांगितला नव्हता. पहिल्या दिवशी पोरीने विचारलं होतं, “अजून काही, आत्या?” आणि ती म्हणाली होती, “न्हाई बाई.” ते तेव्हा खरंच होतं. देवाचं आपल्या खाण्यात कसं धरायचं? लिंबाएवढा घास होता तो, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून तिच्या वाट्याला यायचा. मग वाटी कलंडली. तिच्या जागी स्टीलची वाटी आली. दुपारचा भात बंद झाला, सकाळच्या भाकरीची अर्धी झाली, आणि त्या स्टीलच्या वाटीचा वाडगा कधी झाला? मुद्दाम केलं, असं तिला म्हणता आलं नसतं. नकळत झालं, असंही आता म्हणता येत नव्हतं. दिवसभर ती भुकेला सांगायची, थांब, दिवेलागणी होऊ दे. ती देवाची वाट पाहत नव्हती. वाडग्याची वाट पाहत होती.

भाऊ पाण्याच्या दोन घोटांना झाकण लावून बसला होता, आणि त्याच्याच नावाने तिने रोज पोट भरलं होतं.

“अक्का,” विलास भिंतीकडे पाहतच म्हणाला, “न्हाई झालं तर न्हाई झालं. यादीत घालतील नाव. तू जिवाला लावून घेऊ नको.”

तिला वाटलं, याने आपल्याला शिव्या द्याव्यात.

वाडगा तसाच होता. टाकायचा नाही. खाववत नव्हता. मायाने त्यावर ताटली झाकली आणि शेजारी गेली. छबुबाई उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती.

“काय गं?”

“प्रसाद हाय.”

छबुबाईने ताटली उचलली. “एवढा? आज काय हाय तुज्याकडं?”

“रोजचाच हाय.”

“रोज एवढा करतीस?” छबुबाई हसली. “मंग आजवर कुठं जात होता गं ह्यो?”

माया उभी राहिली. तिने पदर पोटाशी आवळून घेतला. छबुबाईच्या तोंडावरचं हसू हळूहळू कमी झालं. तिने वाडगा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि मेथी निवडायला खाली मान घातली.

“पोरं खातेल,” ती हळूच म्हणाली. “जा तू. विलास एकटा हाय.”

सकाळी बहीणभाऊ फाट्यावर गाडीची वाट पाहत उभे होते. जीप लांबून दिसली तेव्हा माया म्हणाली, “पुढच्या महिन्यात काटा खाली येईल. मी बोलले तुला.”

विलासने तिच्याकडे पाहिलं. कालपासून पहिल्यांदा नीट पाहिलं.

“देवाला बोललीस का मला?”

“तुला.”

“मंग झालं,” तो म्हणाला आणि पिशवी सावरत जीपमध्ये चढला.

दिवसभर तिने मशीन चालवलं. ऊन कलल्यावर पत्र्याची पेटी उघडली, जुन्या लुगड्याच्या घडीतून आईची वाटी काढली आणि चिंच लावून घासली. पितळ उजळलं. पाटावर तांदळाची चिमूट ठेवून तिने त्यावर वाटी बसवली. वाटी डुगडुगली नाही. आईसुद्धा असंच करायची, हे तिला वाटी बसल्यावर आठवलं.

नैवेद्य दाखवून होतो न होतो तोच फोन वाजला.

“आत्या, सांग. सकाळी काय?”

मायाने भाकरी सांगितली, वरण सांगितलं. “अजून काही?” सुकन्याने सवयीने विचारलं.

“सुकन्या, प्रसाद धरला न्हाई आपण.”

“प्रसाद? तो कितीसा असतो गं?”

“वाडगाभर. शिऱ्याचा. तुपातला. रोज.”

पलीकडे रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज तेवढे येत होते.

“मी आज त्या दुकानात लई बोलले गं आत्या,” सुकन्या शेवटी म्हणाली. “चार लोकांदेखत. तो बिचारा पट्टा दाखव, पट्टा दाखव म्हणत होता.”

“मी येते गुरुवारी. दोघी जाऊ. पट्टा चांगला हाय, असं मी सांगते त्याला.”

“तू कावून? मी सांगते की.”

“न्हाई बाई. मीच सांगते.”

सुकन्याने नाक ओढलं आणि मवाळ आवाजात विचारलं, “आजचा किती लिहू?”

मायाने वाटीकडे पाहिलं. “लिंबाएवढा. त्यातला अर्धा छबुबाईला.”

फोन ठेवून तिने आपल्या वाटणीचा घास जिभेवर ठेवला. तो विरघळेपर्यंत उभी राहिली. मग दाराला कडी घातली, छबुबाईच्या हातावर तिचा वाटा ठेवला आणि धरणाच्या वाटेकडे वळली.

“आता कुठं निघालीस गं?” छबुबाईने मागून विचारलं.

“धरणापस्तोर. येते जाऊन.”

गुरं परतत होती. माया वाटेच्या कडेने, त्यांना जागा देत चालत राहिली. पट्टा आज बाहीबाहेर, उघड्या दंडावर बांधला होता. समोरून येणाऱ्या दोघींनी तिच्या दंडाकडे पाहिलं. तिने पदर पुढे ओढला नाही.