देवीची साडी कुणाच्या मांडीवर

आमच्या घरात लग्न कुणाचंही असो, बस्ता माझ्या हातात असतो. मी नवऱ्या मुलाची आत्या, लीला. राहते हिंदी मुलखातल्या जुन्या शहरात, दाना ओली नावाच्या गल्लीत, आणि टोपी बाजारातले कापडवाले मला लांबून पाहूनच चहा सांगतात. काही जण मला पाहून शटर ओढून घेतात असंही लोक बोलतात, पण लोकांना दुसरं काम काय!

माझा भाचा समरजीत याचं लग्न विनिताशी ठरलं, तेव्हाही खरेदीची सूत्रं मीच घेतली. विनिता थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, बँकेत नोकरीला. लहानपणी तापात तिच्या पायांतलं बळ गेलं. तेव्हापासून ती व्हीलचेअरवर असते आणि तिला ‘माझी गाडी’ म्हणते. बोलायला अशी, की समोरच्याला उत्तर सुचेपर्यंत ती पुढच्या विषयावर गेलेली असते. पहिल्याच भेटीत आमचं जमलं, कारण आम्ही दोघीही एकमेकींना बोलू देत नाही.

बस्त्याच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला.

“आत्या, एक मागू का? शालू मी दुकानात बघणार. अंगावर घेऊन, आरशात.”

“मग आणखी कुठे बघतात?”

“माझ्यासाठी सगळं घरीच येतं ना. आई दुकानातून ड्रेस आणते, मी एक ठेवते, बाकीचे परत. दुकानवाले म्हणतात, उनको क्यों तकलीफ देते हो. मला ना, बाकीच्या मुली आरशासमोर नाकं मुरडतात, हे नको ते नको करतात, तसं एकदा करायचंय.”

“झालंच समज,” मी म्हटलं. शब्द देऊन बसायची मला खोड आहे. आणखी काही न विचारता मी फोन ठेवला.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. बस्त्याची पहिली साडी कुलदेवीची. ती नवऱ्या मुलीच्या मांडीवर ठेवायची, तिनं तिच्यावर हळदकुंकू वाहायचं आणि मगच बाकीचं कापड उलगडायचं. टोपी बाजारातल्या जुन्या दुकानदारांना आम्हा मराठ्यांची ही रीत पाठ आहे. हळदकुंकवाचं ताट ते स्वतःच तयार ठेवतात.

ज्या दुकानात गेलो त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे त्या शेठशी आमचं सूत जुळलं. आमच्याबरोबर माझे मोठे भाऊ दौलतसिंह होते, म्हणजे समरजीतचे वडील; माझे दादा आणि मुलांचे आबासाहेब. समरजीतची धाकटी बहीण गरिमा होती, आणि विनिताबरोबर तिची आई शालिनीताई. समरजीत आम्हाला गल्लीच्या तोंडाशी उतरवून गाडी लावायला गेला. टोपी बाजारात गाडी लावायला गेलेला माणूस कधी परत येईल ते सांगता येत नाही.

गरिमानं आणि मी विनिताची खुर्ची दुकानाच्या पायरीवर चढवली. आत पाऊल टाकलं आणि समोर जिना. अरुंद, उभा. खाली रोजच्या साड्या आणि लग्नाचा सगळा माल वरच्या मजल्यावर. इतक्या वर्षांत मी तो जिना कितीदा चढले असेन, पण कधी नीट पाहिला नव्हता.

हेमेंद्र नावाचा सेल्समन पुढे आला. त्यानं विनिताकडे पाहिलं आणि मान माझ्याकडे वळवली.

“बाईसाब, इनको यहीं छोड़ दीजिए, जूतों के पास जगह है. आप लोग ऊपर चलिए.”

छोड़ दीजिए! दाराशी ओली छत्री ठेवावी तसं.

“इनको कौन सा रंग पसंद है, बता दीजिए,” तो म्हणाला. “हम ऊपर से फोटो भेज देंगे.”

विनिता माझ्याकडे वळली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, “आत्या, यांना विचारा ना, यांना माझ्याशी बोलता येत नाही का?”

टोपी बाजारातल्या सेल्समनला मराठी चांगली कळते. हेमेंद्रचे कान लाल झाले.

दादा मध्ये पडले. मनानं भला माणूस, पण घाईचा. “अगं, त्यात काय एवढं! चौघं मिळून खुर्चीसकट उचलू. पालखीसारखी जाशील वर.”

“नको, आबासाहेब,” विनिता म्हणाली. “उचलताना कुणाचा हात कुठे लागतो, खुर्ची कुठे आपटते. आणि वर गेले की खाली यायचं ते तुमच्या सवडीनं. मी माझ्या गाडीतच बरी.”

दादा ओशाळले. शालिनीताई तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “जाऊ दे विनू. फोटो बघू ना. नेहमीसारखं.”

एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी विनिता मांडीवरच्या पर्सची चेन उघडत राहिली आणि लावत राहिली. ते पाहून माझं डोकं फिरलं आणि मी हेमेंद्रला धारेवर धरलं. तेवढ्यात जिन्याच्या वरच्या टोकाशी डोकावून शेठनं हाक दिली, “आइए राजासाब! दुल्हन बिटिया को ऊपर लाइए, मुहूरत निकला जा रहा है!”

“मी बोलतो शेठशी, माल खाली मागवतो,” असं म्हणून दादा वर गेले. गरिमाही त्यांच्यामागे पळाली.

आम्ही वाट पाहिली. माल काही येईना, दादाही येईनात. वरून मात्र हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. समरजीत घामाघूम होऊन पोचला, तेव्हा झालेलं सगळं सांगत मी त्याला घेऊन तडक वर चढले.

वर पाहते तर काय! पांढऱ्या गादीवर मधोमध गरिमा बसलेली. तिच्या मांडीवर देवीची लाल साडी, समोर हळदकुंकवाचं ताट, आणि बाईसाहेब मोठ्या भक्तिभावानं साडीवर कुंकू वाहतायत. दादा खिडकीशी, सगळ्यांकडे पाठ करून, फोनवर केटररशी श्रीखंडावरून भांडत होते.

“आ गए दूल्हे राजा!” शेठनं समरजीतचा हात धरून त्याला गरिमाच्या शेजारी बसवलंसुद्धा. “बैठिए, बैठिए. क्या जोड़ी है! हेमेंद्र, फोटो!”

हेमेंद्र माझ्यामागून धावत आला होता. त्यानं गरिमाच्याच फोनवर फोटो काढला.

“सेठजी,” समरजीत म्हणाला, “ये मेरी सगी बहन है.”

गरिमानं कुंकवाचं बोट हवेतच ठेवलं. “हाय राम! मी सोचलं, करवलीची पण काही रस्म असेल! अंकलनी बसवलं, तर बसले!”

शेठनं तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग माझ्याकडे. “तो... दुल्हन?”

“नीचे है,” समरजीत म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण मी त्याला लहानपणापासून ओळखते. “जिनको आपने जूतों के पास बिठाया है.”

शेठचा चेहरा उतरला. “माफ करना, भैया. हमने सोचा, घर की कोई होंगी.”

“घर की ही है,” मी म्हणाले. “आप सोचते कम हैं, बिठाते ज्यादा हैं.”

मला हसू येत होतं आणि संतापही. दोन्ही एकदम आलं की माझा आवाज पार गल्लीत ऐकू जातो. “देवीची साडी नवऱ्या मुलाच्या बहिणीच्या मांडीवर! उठा सगळे! या दुकानात बस्ता होणार नाही!” असं म्हणत मी अख्खी वरात खाली आणली. मागोमाग शेठ आणि हेमेंद्रही उतरले.

गरिमानं झालेला प्रकार सांगितला, तेव्हा विनिता इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. “तो फोटो मला पाठव. लग्नाच्या हॉलच्या दाराशी लावू.”

“हसतेस काय?” मी म्हटलं. “चल, दुसऱ्या दुकानात जाऊ.”

“आत्या, दुसऱ्या दुकानाला जिना नाही का?”

मी मनातल्या मनात सगळा टोपी बाजार फिरून आले. जिना नसलेलं एकही दुकान आठवेना.

“मग बसा खाली,” विनिता म्हणाली. “आपण रागावून बाहेर पडलो की हे सुटले. उद्या कुणी दुसरी येईल, तिला परत जूतों के पास.” मग तिनं खुर्ची वळवून थेट शेठच्या समोर नेली. “अंकलजी, माफी रहने दीजिए. माल नीचे मँगवाइए, और रंग मुझसे पूछिए.”

“बिटिया, शनिवार है, ग्राहकों का टाइम है. नीचे जगह कहाँ...”

मी सरळ त्याच्या गल्ल्यासमोर मांडी घालून बसले. मी बसणार हे सगळ्यांना ठाऊकच होतं. पण माझ्या शेजारी शालिनीताई येऊन बसल्या, ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आयुष्यभर ‘कुणाला त्रास नको’ म्हणत पिशव्या वाहिलेली ती बाई, पदर खोचून फरशीवर बसली.

“नेहमीसारखं नको,” त्या मला हळूच म्हणाल्या. मला त्यांना तिथेच मिठी मारावीशी वाटली.

मग दादा बसले, गुडघा धरून. समरजीत, गरिमाही बसले. दुकानात पाऊल ठेवायला जागा उरली नाही. आत येणाऱ्या बायका विचारायला लागल्या, “क्या सेल लगी है?” शेठनं कपाळावर हात मारला आणि वरच्या पोरांना हाक दिली, “सब नीचे लाओ रे!”

गाद्या खाली आल्या, गठ्ठे खाली आले. देवीसाठी नवी साडी काढली. या वेळी ती जिच्या मांडीवर जायची तिच्याच मांडीवर गेली. विनितानं हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि म्हणाली, “हं, दाखवा आता!”

हेमेंद्रनं सवयीनं पहिला शालू उलगडून स्वतःच्याच खांद्यावर टाकला, निऱ्या काढल्या आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

“भैया, आप पर बहुत जँच रही है,” विनिता म्हणाली. “पर शादी मेरी है.”

सगळं दुकान हसलं. हेमेंद्रही हसला, आणि त्यानंतर मात्र गुडघे टेकून एकेक शालू तिच्या खांद्यावर लावू लागला. विनिताला काय हवं ते पक्कं ठाऊक होतं. खालच्या घेराला काम असलेले शालू तिनं बाजूला सारले, कारण बसलेल्या माणसाचा घेर कोण बघतो? तिला पदर भरलेला हवा होता आणि काठ असा, की मांडीवर रुंद दिसेल. सेल समजून आलेल्या बायका आता सल्ले द्यायला लागल्या होत्या. शेवटी एक डाळिंबी शालू तिच्या अंगावर आला आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम “वा!” निघालं.

“आरसा?” विनिता म्हणाली.

आरसा खांबावर होता, उभ्या माणसाच्या उंचीचा. तिनं खुर्ची समोर नेली. “कपाळ दिसतंय,” ती म्हणाली. “आणि ट्यूबलाइट.”

समरजीत आरसा काढायला गेला, तर शेठ ओरडला, “अरे, हाथ मत लगाना! पिताजी के टाइम का है!” मग त्यानं खुर्चीतल्या विनिताकडे पाहिलं. गल्ल्याखालून त्यानं पेचकस काढला आणि कुणालाही हात लावू न देता स्वतः स्क्रू फिरवले. दोन्ही हातांनी आरसा उतरवून त्यानं खांबाला टेकवून जमिनीवर ठेवला आणि आपल्या शर्टाच्या बाहीनं पुसला. “देखो, बिटिया.”

विनितानं पाहिलं. केसांपासून पायांपर्यंत, खुर्चीसकट. पदर सारखा केला. मान डावीकडे नेली, मग उजवीकडे. शालिनीताईंनी पदर डोळ्यांना लावला. दादांनी चष्मा काढला.

विनितानं नाक मुरडलं.

“हा नको,” ती म्हणाली. “दुसरा दाखवा.”

शेठनं आ वासला. मी इतक्या जोरात हसले की माझा अंबाडा सुटला. पोरीनं पुढे किती शालू नाकारले ते विचारू नका. शेवटी घेतला तो मोरपिशी. डाळिंबी तिला खरंच शोभत होता, असं माझं मत अजूनही आहे, आणि ते मी तिला दर सणाला ऐकवते.

लग्न थाटात झालं. दिवाळीच्या तोंडावर आम्ही दोघी पुन्हा त्याच दुकानात गेलो, मला साडी घ्यायची होती म्हणून. पायरीवर आता फळीचा उतार टाकलेला होता, लग्नाचा माल निम्मा खाली आला होता. आणि आरसा होता तिथेच, जमिनीवर, खांबाला टेकून. शेठनं तो पुन्हा वर लावलाच नव्हता. म्हणाला, बायका आजकाल समोर बसून निवांत बघतात आणि जास्त खरेदी करतात.

मी आरशात बघायला वाकले आणि माझा गुडघा आखडला. हाय हाय करत मी स्टुलावर बसले. हेमेंद्र धावत आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मान वळवून विनिताला विचारलं, “माताजी को कौन सा रंग दिखाऊँ?”

मी तोंड उघडणार, तोच विनिता म्हणाली, “उन्हीं से पूछो, भैया. बोलना आता है उनको. थोड़ा ज्यादा ही आता है.”