डाव्या हाताला पाणी

घरात गाडी चालवता येणारा माणूस एकच होता, आणि याला तो माणूस स्वतःच जबाबदार होता.

आजोबा एकतीस वर्षं वाहन परवाना कार्यालयात परीक्षक होते. मांडीवर फळी ठेवून उमेदवाराच्या शेजारी बसायचं, "चला" म्हणायचं आणि पाव तासाने बहुतेकांना "या आता" म्हणायचं, हे त्यांचं काम. लोक त्यांना नापासकर म्हणत. पोटच्या मुलाला दुसऱ्या परीक्षकाकडे पाठवलं तर वशिला झाला असं कोणी म्हणेल, म्हणून त्याची परीक्षा त्यांनी स्वतः घेतली आणि त्याला तीनदा नापास केलं. चौथ्यांदा मुलगा गेलाच नाही. पण तिसऱ्या खेपेला बाहेरच्या बाकावर त्याच्या शेजारी एक मुलगी डोळे पुसत बसली होती. तिलाही नुकतंच "या आता" ऐकायला मिळालं होतं. दोघांनी मिळून परीक्षकाला अर्धा तास मनापासून शिव्या घातल्या. हा परीक्षक आपला बाप आहे, हे मुलाने तिला लग्न ठरल्यावर सांगितलं. ती आता घरातली सूनबाई होती. स्टिअरिंगला तिनेही पुन्हा हात लावला नव्हता.

त्यामुळे त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, तेव्हा गाडी कोण चालवणार हा प्रश्न कोणी काढलाच नाही.

गाडी म्हणजे साधी गाडी नव्हे. चार दिवसांसाठी भाड्याने घ्यायची घरगाडी. आत पाच माणसांचे पलंग, शेगडी, फ्रिज आणि दाराआडचा संडास. ती घेऊन मासे पकडायच्या तळ्यावर जायचं, पाण्याकाठी उभी करायची आणि तिच्यातच राहायचं. कल्पना मुलाची. त्याने दोन गळ, एक जाळी आणि अठ्ठावीस कप्प्यांचा डबा आधीच आणून ठेवला होता. आजवर त्याने एकही मासा पकडला नव्हता, पण कप्पे सगळे भरलेले होते.

"गांडुळं फ्रिजमध्ये ठेवावी लागतात," तो म्हणाला. "खालच्या खणात. गारव्याला टिकतात."

"मग त्या फ्रिजमधलं मी काही खाणार नाही," आजी म्हणाली.

"डब्यात असतात गं आई. झाकण असतं."

"तुझ्या बापाच्या चष्म्यालाही डबी आहे. चष्मा असतो का त्यात कधी?"

सूनबाई यादी करत होती. तिच्या याद्यांना उपयाद्या असत. "जागा क्रमांक सात पाण्याला लागून आहे, एकोणीस संडासांना लागून. मी सात धरलीय. आणि बाबा, हे तुमच्यासाठी. शेवटचे दोन किलोमीटर रस्ता बांधावरून जातो. एकेरी, कठडा नाही, डाव्या हाताला पाणी. काय सुंदर फोटो आहे बघा!"

तिने फोन पुढे केला. आजोबांनी पाहिलं. त्यांना रस्ता दिसला, उजवीकडची झाडं दिसली. पाणी दिसलं नाही. त्यांनी हळूच मान डावीकडे वळवली, तेव्हा कुठे पाणी आलं, काळंशार, रस्त्याच्या अगदी कडेपर्यंत.

"छान आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन पालथा करून तिच्याकडे परत सरकवला.

चार महिन्यांपूर्वी एका सकाळी वर्तमानपत्रातल्या ओळी मधूनच सुरू व्हायला लागल्या होत्या. आजोबांनी संपादकांना कडक पत्र लिहिलं. संपादकांनी नम्रपणे कळवलं की तक्रार फक्त तुमचीच आहे. मग आजोबांनी एकेक डोळा झाकून बघितला. दोन्ही डोळे उत्तम होते. फक्त जगाचा डावा भाग कोणीतरी घडी घालून ठेवून दिला होता. दाराची डावी चौकट खांद्याला भेटायला लागली. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायला लागली. आजीने "आवडत नसेल तर सांगा तसं" म्हणून ती करणंच बंद केलं. मान सारखी वळवायची सवय लागली, तर आजीने मानेसाठी खास उशी आणली.

ते कोणाला बोलले नाहीत. रोज म्हणायचे, उद्या सांगू. पण सांगायचं म्हणजे पुढचंही सांगावं लागणार होतं. दर गुरुवारी नातीला, पिटूला, पोहायच्या वर्गाला तेच गाडीतून नेत होते. पिटू नऊ वर्षांची होती आणि नेहमी डावीकडे बसत असे. पहिला गुरुवार त्यांना बरं वाटेल या आशेवर गेला. दुसरा गुरुवार पहिला नीट गेला म्हणून गेला. असा एकदा गप्प बसलेला माणूस पुढे बोलेल कसा? प्रत्येक गुरुवारी त्याच्या गप्प बसण्यात भरच पडत जाते.

आता त्यांच्या हाती सात मीटर लांबीचं घर येणार होतं, आत चार माणसं, आणि डाव्या हाताला पाणी.

शनिवारी सगळे घरगाडी बघायला गेले. अर्थात आजोबांच्याच गाडीतून. अकरा चौक लागले आणि अकराही चौकांत त्यांचा जीव मुठीत होता. एकदा डावीकडून कुठूनशी सायकल उगवली. ती कुठून आली हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही. "किती सावकाश चालवता हो," आजी कौतुकाने म्हणाली.

घरगाडीवाला गोल, हसरा माणूस होता आणि त्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. "ही चांगल्या पाण्याची टाकी, ही घाण पाण्याची. दोन्हींची झाकणं सारखीच दिसतात," तो अभिमानाने म्हणाला. "चुकू नका, एवढंच." मग त्याने किल्ली काढून आजोबांच्या हातावर ठेवली. "आवारात एक फेरी मारून आणा. मग सही घेतो."

"सगळे खाली उतरा," आजोबा म्हणाले.

"बाबा, पिटूला बसायचंय तुमच्याशेजारी."

"उतरा म्हटलं ना!"

आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. पिटू तोंड फुगवून, डोक्यावरची टोपी कपाळावर ओढून उतरली आणि कडेच्या निळ्या घडीच्या खुर्चीत जाऊन बसली.

गाडी हलली. उजवीकडची पत्र्याची भिंत, नळ, कचेरीचं दार, सगळं ओळीने दिसत गेलं. आवाराच्या टोकाला डावीकडे वळायचं होतं. आजोबांनी मान वळवली, आरसा सापडला, आरशात भिंत सापडली, मान परत आणेपर्यंत गाडी पुढे सरकली होती. पुन्हा वळवली. वळण जवळजवळ संपलं होतं आणि त्यांना वाटलं, जमलं.

तेवढ्यात डावीकडून आवाज आला. फार मोठा नाही. काहीतरी आधी वाकावं आणि मग तुटावं, तसा.

त्यांनी ब्रेक दाबला. कचेरीपाशी कोणीतरी ओरडलं. काय ओरडलं ते त्यांना कळलं नाही.

"पिटू?" ते म्हणाले. मग मोठ्याने, "पिटू!"

उजवीकडचं दार उघडून ते उतरले. डाव्या बाजूला जायचं तर गाडीला पुढून वळसा घालायचा. आठ पावलं. गाडीच्या नाकाला हात लावत ते निघाले. पाचव्या पावलाला त्यांच्या मनात आलं की इथेच थांबावं. पुढे गेलंच नाही, तर पुढे काही झालेलंच नसेल.

चाकाखाली निळी खुर्ची होती, चपटी. खुर्चीखालून पिटूच्या टोपीची कड बाहेर आली होती.

आजोबा तसेच उभे राहिले. श्वास घ्यायचा असतो हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

"आजोबा! माझी टोपी!" मागून आवाज आला. पिटू गाडीच्या मागून येत होती, हनुवटीवरून पाणी निथळत होतं. "मी नळावर गेले होते नं! नवी होती ती!"

मग सगळे धावत आले आणि, सगळ्यात भयंकर गोष्ट म्हणजे, सगळे हसले. भीती उतरल्यावर हसतात तसे.

"खुर्चीचं काही मनावर घेऊ नका," घरगाडीवाला म्हणाला. "मोठ्या गाडीला पहिल्यांदा होतंच."

"दमलात हो तुम्ही," आजी म्हणाली. "उपाशी आणलं मी तुम्हाला."

"बाबा, मला तर तुम्ही नुसतं चाक काठाला घासलं म्हणून घरी पाठवलं होतं," मुलगा म्हणाला. "इथे आख्खी खुर्ची गेली. काय न्याय म्हणायचा हा?"

घरगाडीवाल्याने कागद पुढे केला, वर पेन ठेवलं. कोणीच काही विचारत नव्हतं. सबबी सगळ्यांनी आयत्या आणून दिल्या होत्या. नुसती एक सही करायची. आजोबांनी पेन हातात घेतलं. पिटू टोपी चाकाखालून ओढून काढत होती. टोपी निघत नव्हती.

"मला डावीकडचं दिसत नाही," आजोबा म्हणाले.

"गाडी उंच आहे, आरसा जरा—" घरगाडीवाला सांगू लागला.

"आरशाचं नाही. मला दिसत नाही. डावीकडचं काहीच."

हसू थांबलं. मुलाने आईकडे पाहिलं. आजीने हातातली पिशवी खाली ठेवली.

"कधीपासून?" सूनबाईने विचारलं.

"चार महिने झाले. एकेक डोळा झाकून बघितला, दोन्हींनी तसंच."

तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती हे आजोबांना कळलं, आणि काय मोजत होती तेही कळलं.

"गुरुवारी?" तिने विचारलं.

"हो."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"पण आजोबा मान वळवून बघतात," पिटू मध्येच म्हणाली. "खूप वेळा वळवतात."

सूनबाईने तिला हाताला धरून जवळ ओढलं, इतक्या जोरात की पिटू "आई गं" म्हणाली. आजोबांना वाटलं आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

घरगाडीवाला खाकरला. "चालवायचाच प्रश्न असेल तर आम्ही नेऊन लावून देतो की तळ्याकाठी. परत आणायलाही येतो. माहितीपत्रकात दिलंय." त्याने ते उघडून बोट ठेवलं. "हे काय. डावीकडच्या रकान्यात."

आजीला हसू फुटलं. ते अर्ध्यात तुटलं आणि तिने पदर तोंडाला लावला.

"तळ्याचं नंतर बघू," सूनबाई घरगाडीवाल्याला म्हणाली. मग आजोबांकडे न बघता, "सोमवारी मी रजा टाकते. आधी डॉक्टर. हे डोळ्यांचं नाही, बाबा. दोन्ही डोळ्यांचं एकदम असं होत नाही. डोक्यात काहीतरी झालंय." शेवटच्या शब्दांना तिचा आवाज फुटला.

डोक्यात. हे आजोबांनी चार महिन्यांत एकदाही स्वतःशी म्हटलं नव्हतं.

त्यांनी खिशातून स्वतःच्या गाडीची किल्ली काढली आणि तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली. गाडी आवारातच राहिली आणि पाच जण बस पकडायला पायी निघाले. मुलगा, आजी आणि पिटू पुढे.

आजोबा एकटेच मागे राहिले. रस्ता वाहता होता. उजवीकडे दुकानं होती, डावीकडे काहीच नव्हतं, नुसते इंजिनांचे आवाज अचानक जन्मत आणि विरत. एकतीस वर्षं त्यांनी रस्त्यांवर काढली होती आणि रस्त्याची इतकी भीती त्यांना कधी वाटली नव्हती.

मग डावीकडून चपलांचा आवाज यायला लागला. चट, चट, चट. सूनबाई त्यांच्या आणि रहदारीच्या मधे येऊन चालत होती. ती रागावलेली होती, आणि तो राग बरेच दिवस जाणार नव्हता, हे तिच्या टाचांवरूनच कळत होतं. आजोबांनी मान वळवली नाही. ते नुसते त्या आवाजाच्या बरोबरीने चालत राहिले.

कोपऱ्यावर आवाज थांबला.

"थांबा," सूनबाई म्हणाली आणि तिने त्यांचा दंड पकडला. "ट्रक येतोय."

ते थांबले. त्यांना काहीच दिसलं नाही. मग वारा आला, धूळ आली आणि सगळा रस्ता हलवत ट्रक निघून गेला.

"या आता," ती म्हणाली.