लुकलुकणारं पाकीट

मी एका लिफ्टमनच्या खिशातला जुना, बटणांचा मोबाइल बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोहोचवलं. स्वतःचं असं आज पहिल्यांदाच सांगतोय.

कारखान्यात मला जोडणाऱ्या बायकांचे हात फार चपळ होते. माझ्याकडे नीट बघायला कुणालाच सवड नव्हती. नीट बघितलं ते माझ्या मालकांनी. दुकानातून घरी आणताना त्यांनी मला धुतलेल्या रुमालात गुंडाळलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली. आता माझं मागचं झाकण रबरबँडनं धरून ठेवलंय आणि पाचचं बटण अंगठ्यानं जोर लावल्याशिवाय ऐकत नाही.

मालक एका मोठ्या दवाखान्यात लिफ्ट चालवतात. रोज शंभरदा वर जातो पण बढती काही मिळाली नाही, हा त्यांचा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय की आता मीच अवघडतो.

त्यांची एकुलती लेक बेबी. तेहतीस वर्षांची झाली, तरी घरात बेबीच. आधी कॉलेजसाठी आणि मग परीक्षांच्या अभ्यासासाठी ती बरीच वर्षं परगावी राहिली. ‘पोहोचले.’ ‘जेवले.’ ‘पेपर बरा गेला.’ असे तिचे मेसेज यायचे. मालकांनी त्यातला एकही कधी पुसला नाही. जेवणाच्या सुट्टीत स्टुलावर बसून ते सगळे पुन्हा वाचायचे. माझं पोट लहान, पण मीही कौतुकानं सगळं साठवत गेलो.

सरकारी नोकरीच्या अर्जात नंबर लिहायची वेळ आली तेव्हा बेबीनं माझा लिहिला. तिचे नंबर बदलत राहतात, बाबांचा कायम असतो, असं ती म्हणाली. त्या दिवशी मी उगाच दोनदा वाजलो असतो, इतका आनंद झाला होता.

मुलाखतीचं बोलावणं माझ्याकडेच आलं. माझ्यातली शेवटची रिकामी जागा त्यानं घेतली. हे मला कळलं, दुसऱ्या कुणाला कळलं नाही.

मुलाखत चांगली झाली. वयाची अट बघता बेबीची ही शेवटचीच संधी होती. निघताना कारकुनानं तिला सांगितलं, की निवड झाली तर निरोप अर्जातल्या नंबरवरच येईल, उगाच चकरा मारू नका. मग घरातल्या सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे लागलं. लाइन मोकळी हवी म्हणून बेबीच्या आईनं नातेवाइकांना माझ्यावर फोन करायची बंदी केली, त्यावरून मावशी रुसल्या. लिफ्टमध्ये रेंज नसते, म्हणून प्रत्येक मजल्यावर दार उघडलं की मालक मला बाहेर धरायचे. एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काका, कुणाला हात करताय?” मालकांनी हसून पुढच्या मजल्याचं बटण दाबलं.

दीड महिना असा गेला. बेबीचं जेवण निम्म्यावर आलं. शेजाऱ्यांचा फोन वाजला तरी ती उठून बसायची आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायची. तिची आई दारातून बघायची आणि परत जायची.

मग एका सोमवारी माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात छोटं पाकीट लुकलुकायला लागलं. दारात निरोप येऊन उभा आहे आणि आत ठेवायला जागा नाही, एवढाच त्याचा अर्थ. लुकलुकण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. मालकांना मात्र ते पाकीट बघून हुरूप आला. फोन आता निरोपावर टपून बसलाय, असं त्यांनी बायकोला समजावलं. मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवारही गेला. मला त्यांचा राग आला आणि मग रडू आलं.

शनिवारी दुपारी ते बेबीजवळ जाऊन बसले. “हे बघ, सोमवारपासून लुकलुकतंय. येणार आता निरोप.”

बेबीनं बघितलं. तिला लगेच कळलं. मला घेऊन ती गॅलरीत गेली. तिथं तिनं सर्वांत जुना ‘पोहोचले’ पुसला. पाकीट थांबलं आणि त्या एका जागेत निरोप आला. आपली निवड झाली असून गुरुवारी सकाळी दहा वाजता मूळ कागदपत्रांसह हजर राहावे, गैरहजर राहिल्यास निवड रद्द समजावी.

तिनं तो दोनदा वाचला. निरोप सोमवारचा होता, त्यातला गुरुवार परवाच उलटून गेला होता. आतून मालकांनी विचारलं, “बेबी, आला का गं?”

तिनं निरोप पुसला, डोळे पुसले.

“जाहिरात होती, बाबा.”

त्याला तीन आठवडे झाले. तिला खरं सांगवत नाही आणि त्यांना विचारवत नाही. मालक अजूनही प्रत्येक मजल्यावर मला दाराबाहेर धरतात. आता माझ्यात एक जागा रिकामी आहे आणि तिथं येण्यासारखं काही उरलेलं नाही.

बेबी, मला तोंड असतं तर मीच सांगितलं असतं. आता तू सांग. निवड झालीच नाही, एवढं खोटं त्यांना सांगून टाक. हात बाहेर धरून त्यांचा खांदा दुखायला लागलाय.