ओर्पानं इबूला शिकवलं

मी रोटे बेटावरच्या एका शाळेचा जुना फळा आहे. चार फळ्या जोडून पाक मेसाख गुरुजींनी मला स्वतः बनवलं. जुन्या सेलमधली काळी पूड डिंकात कालवून माझ्या अंगाला फासली आणि ताडाच्या झावळ्यांच्या भिंतीवर मला टांगलं. तेव्हा मी असा गुळगुळीत होतो, की मुलं येता-जाता माझ्यावरून हात फिरवत.

मित्रांनो, वर्गाला शिक्षकांची पाठ दिसते तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसतो. म्हणून यासिंताचं ते पहिलं वर्ष माझ्याइतकं जवळून कोणीच पाहिलं नाही.

यासिंता फ्लोरेस बेटावरून आली होती. आमच्याकडे बाईंना 'इबू' म्हणतात आणि गुरुजींना 'पाक'. शिक्षिका होण्यासाठी तिला वर्षभर पाक मेसाखांच्या हाताखाली पहिलीचा वर्ग घ्यायचा होता. पहिल्याच दिवशी तिनं मला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुबक अक्षरांनी भरून टाकलं. मुलांनी मुकाट्यानं उतरवून घेतलं. पाक मेसाख मागच्या बाकावर बसून सगळं पाहत होते.

सुट्टी झाल्यावर ते म्हणाले, "अक्षर मोत्यासारखं आहे गं तुझं. पण पोरांना त्यातलं काय कळलं, ते विचारलंस का?"

"नाही, पाक."

"मग उद्या विचार."

ती मला पुसायला वळली. त्या दिवशी तिनं मला दोनदा पुसलं, कारण वळून त्यांच्याकडे पाहायचं तिला धाडस होईना.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, तर वर्ग चिडीचूप. सर्वांत गप्प होती ती ओर्पा. पहिलीच्या वर्गात तिचं हे तिसरं वर्ष होतं. मुलं तिला 'दगड' म्हणत. यंदाही नापास झाली, तर शाळा सुटणार आणि शेळ्या राखायच्या, हे घरी ठरलेलंच होतं.

एकदा ओर्पाची आई तिला न्यायला आली. यासिंतानं आईला थांबवून ओर्पा गप्प का असते ते विचारलं.

"राहू द्या, इबू," आई म्हणाली. "तिच्या डोक्यात नाही शिरत. घरी दिवसभर टकळी चालू असते. इथं आली की तोंडाला कुलूप!"

"घरी बोलते?"

"बोलते? शेजारणी कंटाळतात!"

त्या संध्याकाळी माझ्यासमोर खडू धरून उभी असताना यासिंताला उमगलं. घरी पोरं बोलतात ती बेटाची बोली. पुस्तक होतं सरकारी भाषेत. आणि बोलीतलं एक अक्षर यासिंतालाही येत नव्हतं!

सकाळी तिनं माझ्यावर शेळी काढली. ती जराशी कुत्र्यासारखी झाली होती, पण असो. मग तिनं शेळीला बोलीत काय म्हणतात ते म्हणून दाखवलं. रात्री घरमालकिणीकडून घोकून आली होती. वर्ग खो खो हसू लागला. यासिंताचे कान लाल झाले.

तेवढ्यात ओर्पा उभी राहिली. "तसं नाही, इबू! तुम्ही शेळी नाही म्हणालात, शिंक म्हणालात!"

"मग कसं म्हणायचं?"

ओर्पानं सांगितलं. यासिंता पुन्हा चुकली.

"जीभ वर लावा. हं, पुन्हा म्हणा," ओर्पानं बजावलं.

चौथ्या खेपेला जमलं. यासिंतानं माझ्या डाव्या बाजूला तो शब्द लिहिला आणि उजव्या बाजूला पुस्तकातला. तेव्हापासून मी रोज असाच दोन भागांत भरू लागलो. डावीकडचं मुलं तिला शिकवत, उजवीकडचं ती मुलांना. ओर्पा तर तिच्या चुका काढायला सगळ्यांच्या आधी येऊन बसायची.

वर्ष संपताना यासिंताचं शिकवणं तपासायला परीक्षक आले. त्यांनी माझ्याकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"फळ्यावर हे बोलीतले शब्द कशाला?"

यासिंता बोलायच्या आत उत्तर ओर्पानंच दिलं, "इबूंना येत नाहीत ना, म्हणून. पण आता बऱ्या आहेत त्या."

पाक मेसाखांनी तोंडावर रुमाल धरला. परीक्षक मात्र हसले नाहीत. त्यांनी उजवीकडच्या ओळीवर छडी ठेवली. "हे वाच."

ओर्पानं बोट हवेत फिरवत वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या शब्दाला ती अडली. यासिंतानं माझ्याकडे तोंड केलं आणि डोळे गच्च मिटले. मग मागून पूर्ण ओळ ऐकू आली, शेवटच्या शब्दापर्यंत.

मित्रांनो, तेव्हाचा यासिंताचा चेहरा फक्त मी पाहिला.

यासिंताला गुण बेताचेच मिळाले. परीक्षकांनी शेरा लिहिला, "वर्गात गोंगाट फार." पण दुसऱ्या दिवशी ओर्पाची आई ताडगुळाचा मोठा खडा घेऊन आली. "शेळ्या मीच राखीन," एवढं बोलून ती तो टेबलावर ठेवून गेली.

पुढे यासिंता दुसऱ्या गावी गेली. शाळेत पांढरा, चकचकीत फळा आला. माझ्या फळ्या उलल्या, आणि आता मी पडवीत आडवा पडलेला असतो. माझ्यावर कोंबड्या बसतात. कोणी ओल्या फडक्यानं पुसलं, तर अजूनही माझ्यावर चार ओळी लिहिता येतील.

पण माझं मागणं माझ्यासाठी नाही. तुमच्या वर्गात कधी नवी बाई येईल, नवे गुरुजी येतील. त्यांचा आवाज कापेल, चित्र बिघडेल. तेव्हा हसायचं तर खुशाल हसा. मग मात्र कुणीतरी उभं राहा आणि त्यांना बरोबर काय ते सांगा.